आचऱ्याच्या बुवांची गाडी : स्पीकर बदलले आणि पखवाज हरवला

श्रावणातल्या एका सकाळी आचऱ्याकडचे एक भजनीबुवा कुडाळला माझ्या वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन आले. सात वर्षांची छोटी हॅचबॅक. डिकीत पेटी, पखवाज आणि झांजांची पिशवी. गणपतीपासून शिमग्यापर्यंत हे सामान गाडीतून क्वचितच खाली उतरतं, कारण आज एका गावात डबलबारी (दोन भजनीबुवांचा सामना), उद्या दुसऱ्या गावात जत्रा, परवा कुणाच्या तरी घरी भजन. रात्री दोन-अडीचला परत येताना बुवा आपल्याच बारीचं रेकॉर्डिंग गाडीत लावतात. कुठे चुकलं, गजर कुठे रेंगाळला, पखवाजवाल्याचा हात कुठे जड पडला, हे त्यांना त्याच रात्री ऐकायचं असतं. गाडीतला स्टिरिओ ही त्यांची शिकवणी आहे म्हटलं तरी चालेल.

पाऊस सुरू होण्याआधी, मेमध्ये, त्यांनी एका शहरातल्या दुकानात पुढच्या दोन दारांचे कंपनीचे स्पीकर काढून नवे बसवून घेतले होते. साडेसहा इंची कोॲक्शियल, म्हणजे मोठ्या शंकूच्या मधोमध बारीक, चढ्या सुरांचा छोटा स्पीकर (ट्वीटर) असलेले. खोक्यावर ठळक अक्षरांत ३५० वॉट. खर्च नऊ हजार. बुवांनी माझ्यासमोर स्टिरिओ लावला आणि एकच वाक्य म्हणाले, "आवाज मोठो झालो, पण पखवाज खंय गेलो?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस आणि त्यानंतरचे तीन महिने इथे सविस्तर लिहितोय, कारण अशा गाड्या माझ्याकडे वरचेवर येतात. स्पीकर नवा, पैसे खरे, आणि आवाज आधीपेक्षा वाईट. दोष बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसतो.

आधी ऐकलं, मग उघडलं

हत्यार हातात घेण्याआधी मी बुवांना शेजारी बसवून त्यांचंच रेकॉर्डिंग ऐकलं. झांज कानात टोचत होती. पेटीचे वरचे सूर स्वच्छ होते, बुवांचा आवाज होता, पण नाकातून आल्यासारखा. पखवाजाची उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं चामडं, टकटक करत होती. डावी, जिला कणीक लावतात ती, जवळपास नव्हतीच. डाव्या दारातून मधूनमधून खर्रर्र असा आवाज यायचा आणि त्या बाजूची पायपुसणी ओली होती.

मग बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेला. पखवाज आला, थोडासा पण आला. पूर्ण डावीकडे नेला, खरखरीसकट का होईना, तिथेही आला. बॅलन्स पुन्हा मध्ये आणला आणि पखवाज गेला.

बुवा चमकले. एकेकटा गायला तर सूर लागतो आणि दोघं मिळून गायले तर दोघांचाही जातो, असं कसं? असं होतं तेव्हा नव्वद टक्के वेळा एका बाजूची प्लस-मायनस उलटी जोडलेली असते. एका दाराचा शंकू हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्या दाराचा शंकू हवा मागे ओढतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) खर्जाची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. गाडीचा आतला भाग त्याहून लहान. तेवढ्याशा जागेत एक लाट ढकलते आणि दुसरी ओढते, तेव्हा दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. झांजेच्या लाटा काही सेंटिमीटरच्या असतात. त्या अशा सरसकट पुसल्या जात नाहीत, कुठे वाढतात, कुठे कमी होतात, पण ऐकू येत राहतात. म्हणून तक्रार नेमकी अशी येते की टोचणारं सगळं आहे आणि भरणारं काही नाही.

ज्यांना गाडीचा आवाज पोकळ वाटतो त्यांनी दुकानात जाण्याआधी ही बॅलन्सची परीक्षा घरी करून पाहावी. दोन मिनिटं लागतात आणि एक रुपया खर्च होत नाही.

डावं दार

दाराचं पॅड काढलं तेव्हा काय काय झालं होतं ते दिसलं, आणि मला खरोखर वाईट वाटलं. बुवांनी वर्षभराच्या बाऱ्यांतून बाजूला टाकलेले पैसे होते ते.

कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडायची प्लॅस्टिकची खुंटी, कापून वायरी नुसत्या पिळल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. डाव्या आणि उजव्या दारांच्या वायरींचे रंग वेगवेगळे असतात. फिटरने डावीकडे अंदाजाने जोडलं होतं आणि ते उलटं पडलं. खात्री करायला मी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. स्टिरिओकडच्या वायरी सुट्या करून स्पीकरच्या प्लसला सेलचं प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवलं की शंकू बाहेर यायला हवा. आला. म्हणजे स्पीकरवरची खूण बरोबर होती, जोड चुकला होता.

टेप सोडवली तर आतलं तांबं हिरवं झालेलं. तीन महिन्यांत कळंक धरला होता. आपल्याकडे जूनपासून हवेत पाणी आणि किनाऱ्यावर वर्षभर मीठ. बुवांचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पुण्यात किंवा सोलापुरात पिळलेला जोड वर्षानुवर्षं तग धरत असेल, आचऱ्यात नाही धरत. त्यात वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची होती. टोकाला मुलामा खरवडला गेला की आतलं ॲल्युमिनियम खारट हवेत पांढऱ्या भुकटीसारखं होतं. मल्टिमीटर लावला तर डाव्या स्पीकरपर्यंतचा रोध एका आकड्यावर थांबेना. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन दाखवतो. इथे आकडा चारवरून अकरावर आणि परत जायचा. खर्रर्र आवाज तिथून येत होता.

नवा स्पीकर जुन्या खाचेत बसत नाही म्हणून मध्ये एक कडं घालतात. ते एमडीएफचं होतं. एमडीएफ म्हणजे लाकडाचा दाबलेला भुसा. पाणी लागलं की तो पावासारखा फुगतो. कडं फुगून सुटलं होतं, चारपैकी दोन स्क्रू हाताने फिरत होते आणि स्पीकर व दाराच्या पत्र्यात बोटाएवढी फट.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. पॅडच्या मागे, दाराच्या आतल्या पत्र्यावर कंपनी एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवते. कित्येक फिटर त्याला पॅकिंगचं प्लॅस्टिक समजतात. दार पाणबंद नसतं, तसं ते बनवलेलंच नसतं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून हा पडदा. इथे तो ब्लेडने उभा कापून वर सेलोटेप लावली होती. पहिल्या पावसात सेलोटेप सुटली. ओली पायपुसणी, कुबट वास आणि स्पीकरच्या चुंबकावर धरलेला गंज, तिन्हींचं मूळ ते एक ब्लेड. वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात हा पडदा कापणं म्हणजे कौलं काढून घरात राहणं.

उजव्या दारात जोड बरोबर होता, पडदा अर्धा फाटलेला, कडं थोडं कमी फुगलेलं. बाकी तीच कथा.

३५० वॉटचं काय?

बुवांनी विचारलं, "साडेतीनशे वॉट मगे खंय गेले?" ते कधी आलेच नव्हते. खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे क्षणभर, कसाबसा सोसता येईल असा झटका. त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत आरएमएस ५० वॉट लिहिलं होतं, म्हणजे सतत सोसण्याची ताकद. आणि तीही सोसण्याची. स्पीकर वॉट देत नाही, घेतो.

देणारा असतो स्टिरिओ. बुवांच्या स्टिरिओवर '५० वॉट गुणिले ४' असं छापलेलं आहे. हिशेब करून बघा. गाडी चालू असताना विजेचा दाब फार तर १४.४ व्होल्ट. स्टिरिओच्या आतली चिप वायरीच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने ढकलते, त्यामुळे लाटेचं शिखर त्या १४.४ पर्यंत जातं. शुद्ध सुरासाठी त्याचा परिणामी दाब, म्हणजे शिखर भागिले १.४१, धरला तर १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागला की येतात २६ वॉट. चिपमध्ये थोडा दाब जिरतो, म्हणून स्वच्छ आवाजाचे हातात राहतात १८ ते २०. छापील आकडा काहीही असो, आत वेगळा ॲम्प्लिफायर नसलेल्या कुठल्याही साध्या स्टिरिओचं गणित इथेच येऊन थांबतं.

आता त्या १८ वॉटांचं स्पीकर काय करतो ते बघू. कंपनीचे काढलेले स्पीकर बुवांच्या माळ्यावर होते, मी ते मागवून घेतले. कागदी शंकू, एवढंसं चुंबक, हातात घेतलं तर पापडासारखे हलके. एकावर पाण्याचा डाग होता, दुसरा चांगला. चांगला आणि नवा, दोन्ही आळीपाळीने एकाच जागी, एकाच आवाजावर वाजवले आणि फोनवरच्या मीटरने मोजले. जुना साधारण ३ डेसिबल मोठा वाजला. फोनचं मीटर बारीक मोजणीला भरवशाचं नाही, पण एकाच जागी दोन वस्तूंची तुलना करायला पुरतं. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट वॉट. नव्या स्पीकरचा शंकू जाड आणि जड. जुना १८ वॉटांत जेवढं वाजायचा तेवढं वाजायला नव्याला ३६ हवेत, आणि स्टिरिओकडे ते नाहीत. बुवा आवाज वाढवत गेले, चिप आपल्या मर्यादेला जाऊन लाटांची टोकं कापायला लागली, म्हणून झांज आणखीच टोचायला लागली.

कंपनीचा स्पीकर स्वस्त असतो हे खरं, पण तो त्याच स्टिरिओच्या १८ वॉटांवर चालावा म्हणून हलका बनवलेला असतो. त्याला भंगार म्हणून हिणवू नये. आणि नव्याकडूनही जादूची अपेक्षा धरू नये. कॉइल, चुंबक आणि शंकू हा स्पीकरचा आजचा साचा राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडला, आणि तुमच्या दारात अजून तोच आहे. साहित्य सुधारलं, पण हवा ढकलायची रीत बदललेली नाही.

गणपतीच्या आधी एवढंच

बुवा म्हणाले, काय घालायचं ते घाल, पण चतुर्थीच्या आधी गाडी हवी. डिकीत मोठा सबवूफर बसवू का, असंही त्यांनी विचारलं. कुणीतरी सुचवलं होतं. मी म्हटलं, "बुवा, पेटी कुठे ठेवाल?" पण खरं कारण वेगळं होतं. मी त्यांना डिकीतला पखवाज काढायला सांगितला. त्यांनी तिथेच बसून, माझ्या घरून आणलेली कणीक भिजवून डाव्या पुडीला लावली आणि थापा दिल्या. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये बघितलं तर त्यांच्या डाव्या पुडीचा जोर ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात होता. एवढा खर्ज साडेसहा इंची स्पीकर सहज काढतो. सबवूफरचं काम त्याच्याही खाली, ३०-४० हर्ट्झला असतं, आणि बुवा जे ऐकतात त्यात तिथे काही नाही. डीजेची गाणी ऐकणारा मुलगा आला असता तर मी वेगळं सांगितलं असतं. काय विकत घ्यायचं हे ठरवण्याआधी नेमकं काय ऐकू येत नाही ते ठरवावं, आणि बुवांनी ते पहिल्याच वाक्यात ठरवलं होतं.

म्हणून पहिल्या टप्प्यात नवं यंत्र एकही घेतलं नाही. आधी फक्त डाव्या दाराचं प्लस-मायनस सरळ केलं आणि ऐकलं. पखवाज परत आला, अंगणापलीकडून आल्यासारखा, पण आला. बुवा म्हणाले, "रव, परत लाव." चार वेळा लावायला लावलं.

मग दारं. त्यासाठी उघडीप हवी होती. ओल्या पत्र्याला काही चिकटत नाही, आणि चिकटल्यासारखं वाटलं तरी महिन्याने सुटतं. दीड दिवस पाऊस थांबेना. शेवटी शेडमध्ये दारं उघडून, पंखा लावून, पत्रा हीट गनने कोमट करून स्पिरिटने दोनदा पुसला. फडक्यावर लाल माती आणि मिठाचा चिकट थर आला.

स्पीकरच्या मागच्या बाहेरच्या पत्र्यावर ब्यूटाइलचं डॅम्पिंग शीट लावलं. एका बाजूला ॲल्युमिनियमची पातळ पन्नी, दुसऱ्या बाजूला काळा चिकट रबर. रोलरने जोर देऊन दाबायचं. स्वस्तातलं डांबरी शीट मिळतं, ते मी वापरत नाही. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत ते ओघळतं आणि वास मारतं. पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते, मधल्या मोठ्या सपाट भागावर शीट बसलं की थाळीसारखा वाजणारा पत्रा मुका होतो. बोटाने टकटक करून बघावं, आधी 'टण्ण', नंतर 'ठप्'.

याहून महत्त्वाची आतल्या पत्र्यावरची भोकं. स्पीकरचा शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो. मागची हवा त्या भोकांतून पुढे आली की पुन्हा तीच पुसापुशी, एकाच स्पीकरची स्वतःशी. म्हणून दाराचं पोट स्पीकरसाठी पेटी व्हायला हवं. मोठी भोकं पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकून वर शीट लावलं, त्यामुळे पाण्याचा पडदाही आपोआप झाला. उरलेल्या भागात जाड प्लॅस्टिक ब्यूटाइलच्या पट्टीने चिकटवलं. ही पट्टी सुकत नाही, पुढे दार उघडावं लागलं तर निघते आणि पुन्हा बसते. तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवली. तीही झाकलेली दारं मी पाहिली आहेत. गाडी वळणावर गेली की आत पाणी डचमळतं आणि तीन-चार पावसाळ्यांत दाराचा तळ सडतो.

एमडीएफच्या जागी जाड पीव्हीसी शीटची कडी कापली. पीव्हीसी फुगत नाही. कड्याच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी, स्क्रूऐवजी स्टेनलेसचे नटबोल्ट. काच पूर्ण खाली उतरवून चुंबकाला लागत नाही ना, ते पाहिलं. शुद्ध तांब्याची कल्हई केलेली वायर घातली, जोड झाळले, वर चिकट अस्तराची उष्णतेने आवळणारी नळी चढवली. स्पीकरच्या पट्ट्यांवर सिलिकॉन ग्रीस. कापलेल्या कपलरच्या जागी त्याच मापाचा नवा लावला, म्हणजे पुन्हा कुणाला वायर कापावी लागणार नाही. स्पीकर मात्र तेच ठेवले, बुवांनी विकत घेतलेले.

सगळं मिळून सामान चार हजारांच्या आत आलं.

संध्याकाळी कुडाळहून नेरूर, धामापूर करत चौक्यापर्यंत गेलो. धामापूरच्या तळ्याजवळ बुवांनी काच खाली केली, पुन्हा वर केली, आवाज कमी केला. हे मला फार आवडलं. कमी आवाजात खर्ज ऐकू येतो का, ही खरी परीक्षा, कारण हळू आवाजात आपला कान खर्जाला आधीच कमी दाद देतो. पखवाज होता. उजवी पुडी आणि डावी पुडी वेगळी कळत होती. बुवा काही बोलले नाहीत. चतुर्थीला चार दिवस राहिले होते, त्यांनी गाडी नेली.

ॲम्प्लिफायर, आणि माझी एक चूक

मी त्यांना सांगितलं होतं की महिनाभर असंच ऐका, मग ठरवू. ऑक्टोबरमध्ये परत आले. घरच्या रस्त्याला उत्तम, पण हायवेला काँक्रीटवर टायरचा आवाज एवढा येतो की पखवाज दबतो, आणि आवाज वाढवला की झांज टोचते. हे अपेक्षित होतं. रस्त्याची घरघर खर्जालाच आधी गिळते, आणि नव्या जड शंकूंना लागणारे वॉट स्टिरिओकडे नव्हतेच. आता ॲम्प्लिफायर घेण्याला अर्थ होता. गळक्या दारावर तोच लावला असता तर गळती मोठ्याने ऐकू आली असती, एवढंच.

दोन चॅनेलचा, प्रत्येकी ५० वॉट आरएमएसचा छोटा ॲम्प घेतला. पुढच्या दोन स्पीकरांपुरता. मागचे कंपनीचे तसेच स्टिरिओवर, हळू आवाजात. ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला, पण जमिनीवर नाही. पावसाळ्यात पायांबरोबर येणारं पाणी कार्पेटमध्ये मुरतं, म्हणून दोन सेंटिमीटर उंच प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर. बॅटरीपासून ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज ॲम्पजवळ लावून उपयोग नसतो. मधल्या वाटेवर वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर बॅटरी ते फ्यूज हा सगळा तुकडा निखाऱ्यासारखा तापतो. वायर आत नेताना पत्र्याच्या भोकाला रबरी बूच, आणि इंजिनाच्या बाजूला जाड नळीचं वेष्टण. पावसात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि पहिली वायरच कुरतडतात.

इथे माझं चुकलं. ॲम्पची अर्थिंग मी सीटच्या बोल्टला दिली. बोल्ट जवळ होता, घट्ट होता, मला पुरेसा वाटला. गाडी सुरू केली तर स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. अल्टरनेटरचा आवाज तो, अर्थिंग कच्ची असली की हमखास येतो. बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर आणि रंगाच्या कडेने गंज. सात वर्षं खाडीकाठी राहिलेली गाडी आहे हे ठाऊक असून मी बोल्टखाली पाहिलं नव्हतं. मग शेजारच्या पत्र्यावर पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत धातू काढला, तिथे दातेरी वॉशरने टोक आवळलं, वरून ग्रीस आणि गंजरोधक रंग. शिट्टी गेली. अर्धा दिवस माझा गेला, त्याचे पैसे मी बुवांकडून घेतले नाहीत.

ॲम्पचा गेन ही आवाज कमीजास्त करायची कळ नसते, हे लोकांना पटत नाही. स्टिरिओ जेवढा दाब देतो त्याला ॲम्पची मापं जुळवून देणं एवढंच त्याचं काम. स्पीकर सोडवून, फिल्टर बंद करून, १०० हर्ट्झचा सलग सूर लावला. स्टिरिओ चाळीसपैकी तीसवर. मल्टिमीटर ॲम्पच्या बाहेरच्या टोकांना. ५० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ व्होल्ट आले तिथे गेन थांबवला. याच्या वर नेलं असतं तर बुवांना पहिल्या दिवशी आनंद झाला असता आणि शिमग्यापर्यंत ट्वीटर जळाले असते.

मग फिल्टर. ८० हर्ट्झच्या खालचं दारातल्या स्पीकरांना नको, असा सरधोपट सल्ला असतो. इथे मी तो पाळला नाही. बुवांची डावी पुडी ८० पासूनच सुरू होते, फिल्टर तिथे लावला तर तिचा पाया कापला जातो. ६० वर ठेवला. त्याने स्पीकरला उगाच हलवणारा अगदी खालचा भाग गेला आणि पखवाज शाबूत राहिला. ८० ते १०० च्या मध्ये एक सूर सरकवत नेला तेव्हा डाव्या दारात काहीतरी खडखडलं, कुलपाची सळई होती. तिला फोमची पट्टी गुंडाळली.

स्टिरिओमध्ये वेळ मागेपुढे करायची सोय होती. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर जवळ. कानापासून मोजलं, उजवा ८५ सेंटिमीटर, डावा १३५. फरक ५०, म्हणजे उजव्याला जवळपास दीड मिलिसेकंद उशीर द्यायचा. दिला. बुवांचा आवाज उजव्या गुडघ्यावरून उठून समोरच्या काचेपाशी गेला. शेजारी बसणाऱ्याला हे बरोबर लागणार नाही, पण रात्री दोनला शेजारचे सगळे झोपलेले असतात.

आणखी एक काम फुकटातलं होतं. बुवा व्हॉट्सॲपवर आलेली रेकॉर्डिंगं वाजवायचे. ती बहुतेकदा इतकी दाबलेली असतात की झांज पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते. मंडळातला एक मुलगा छोट्या रेकॉर्डरवर बारी टिपतो, मूळ फाइल त्याच्याकडेच असते. त्या फाइली आता पेनड्राइव्हमध्ये येतात.

दिवाळीनंतर

नोव्हेंबरमध्ये मी दोन्ही दारं पुन्हा उघडून पाहिली. पैसे घेतले नाहीत, मलाच बघायचं होतं. पडदे कोरडे, जोड तांबूस, कळंक नाही. पीव्हीसीची कडी जशीच्या तशी. डाव्या दारात शीटचा एक खालचा कोपरा उचलला होता, बहुधा तिथे पुसताना माझा हात नीट पोचला नसावा. तो साफ करून पुन्हा बसवला. पुढच्या जूनआधी एकदा उघडून बघायचं ठरलं आहे.

पॅड लावून झाल्यावर बुवांनी पेनड्राइव्ह घातला. आदल्या आठवड्यातली बारी होती, त्यांच्या स्वतःच्या मंडळाची. डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या पदाच्या मध्यावर त्यांनी आवाज बंद केला, थोडं मागे घेतलं, परत लावलं.

"कणीक सुकलेली आसा," ते म्हणाले. "हंयसून पुढे. पोराक सांगूक होया."

मी ऐकलं. मला काही कळलं नाही. बुवांनी फोन काढला आणि पखवाजवाल्याला लावला.